हे गाणं कुणाच्या परवानगीने आलं?

प्रश्न : माझा पुतण्या दिवसा एका सूतगिरणीच्या कार्यालयात हिशेब लिहितो आणि रात्री खोलीचं दार लावून गाणी करतो. गेल्या महिन्यात त्याचं पहिलं गाणं ‘रिलीज’ झालं. मागे कुठली कंपनी नाही, सिनेमा नाही, रेडिओ नाही. तरी ज्या ॲपवर मी लताबाईंची भावगीतं ऐकते, तिथेच त्याचं नाव टाकलं की त्याचंही गाणं लागतं. मला अभिमान वाटला, पण कोडंही पडलं. त्याला तिथे जागा कुणी दिली? परवानगी कुणाची लागते? यातून पैसे कोण कुणाला देतं? आणि गाणं तयार असूनही तो दोन आठवडे शुक्रवारची वाट पाहत का बसला होता?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : परवानगी कुणाचीच लागली नाही. तुमच्या पुतण्याच्या गाण्याची खरी बातमी हीच आहे, आणि ती केवढी मोठी आहे हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे फार वर्षं गाणं लोकांपर्यंत न्यायच्या वाटा मोजक्या होत्या आणि प्रत्येक वाटेवर निवड करणारं कुणीतरी बसलेलं असे. आकाशवाणीवर गायचं तर ऑडिशन. ती पार पडली की ‘बी’ ग्रेड, पुढे ‘बी हाय’, ‘ए’ आणि फारच थोड्यांना ‘टॉप’. ध्वनिमुद्रिका काढायची तर कंपनीच्या अधिकाऱ्याला आवाज पसंत पडायला हवा, कारण स्टुडिओ कंपनीचा, तबकड्यांचा कारखाना कंपनीचा आणि दुकानांपर्यंतची साखळीही तिचीच. या व्यवस्थेने आपल्याला फार मोलाची गाणी दिली. पण निवडीत जे मागे राहिले त्यांच्या रूपाने आपलं काय हुकलं, हे कधीच कळणार नाही. त्यांचा आवाज कुठे उरलाच नाही.

कॅसेटने ही पकड ढिली केली. ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या प्रती काढणं छोट्या व्यावसायिकालाही परवडू लागलं. भीमगीतं, कोळीगीतं, जागरण-गोंधळ, जत्रांमधली देवीची गाणी असं मोठ्या कंपन्यांच्या नजरेबाहेरचं कितीतरी संगीत गावोगाव पोचलं. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवर गर्दीच्या दिवसांत लागणारे कॅसेटचे, नंतर सीडीचे स्टॉल ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तरी तिथेही मध्ये एखादी छोटी कंपनी असायचीच.

अगदी एकट्याने गाणं काढण्याचं आपल्या शेजारचं सर्वांत सुंदर उदाहरण माझ्या मते गोव्यातलं आहे. शिवोलीचे रेमो फर्नांडिस मुंबईत वास्तुकला शिकले आणि गावी परतले. १९८४ मध्ये त्यांनी ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट काढली. ती घरीच, चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केलेली होती आणि वाद्यंही त्यांनी स्वतःच वाजवली होती. चार ट्रॅकचं यंत्र म्हणजे एकाच फितीवर शेजारी-शेजारी चार पट्टे. एका पट्ट्यावर गिटार वाजवायची, फीत मागे घ्यायची, ती ऐकत दुसऱ्यावर बास, तिसऱ्यावर ताल. मग हे तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, म्हणजे आधीचे तीन पुन्हा मोकळे होतात. असं उतरवताना दर वेळी फितीची खरखर वाढते, आणि एकदा एकत्र केलेले आवाज पुन्हा सुटे करता येत नाहीत. म्हणजे बास किती मोठा ठेवायचा हे अजून न गायलेल्या गळ्याचा अंदाज घेऊन ठरवायचं. अशा यंत्रावर अख्खी कॅसेट उभी करायची तर कानात संपूर्ण गाणं आधीच वाजत असावं लागतं. तयार झालेल्या कॅसेट रेमोंनी स्कूटरवर घालून गोव्यातल्या दुकानादुकानांत स्वतः नेऊन दिल्या. ‘जलवा’ सिनेमामुळे ते १९८७ मध्ये देशभर गाजले, २००७ मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण सुरुवात त्या स्कूटरवर झाली.

अशीच एक गोष्ट इंग्लंडमधली. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने १९७६ च्या डिसेंबरात चार गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यासाठी घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले, आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेला हजार प्रती होत्या, खप पुढे सोळा हजारांपर्यंत गेला. मला त्या तबकडीचं वेष्टन फार आवडतं. कुठलं गाणं कितव्या खेपेत वठलं, नंतर वरून काय वाजवून भरलं, हे त्यांनी त्यावर छापलं होतं. पुढच्या वर्षी स्क्रिटी पोलिटी या बँडने तर आपल्या तबकडीवर खर्चाचा हिशेबच छापला. वाचणाऱ्याला कळावं, की हे आपल्यालाही जमेल. त्यानंतर इंग्लंडच्या गावागावांतून अशा तबकड्या निघू लागल्या आणि रफ ट्रेडसारखी दुकानं त्या आवर्जून विकू लागली.

रेमोंच्या यंत्रातले ते चार पट्टे आज मोबाइलमध्येही मिळतात. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ च्या सुरुवातीला ‘आफत’ हे गाणं आयपॅडच्या मदतीने घरच्या घरी केलं आणि यूट्यूबवर टाकलं. पाच वर्षांनी आलेल्या ‘गली बॉय’मागे ज्या दोन रॅपरांच्या वाटचालीची प्रेरणा होती, त्यांतला एक नेझी. दुसरा अंधेरीचा डिव्हाइन.

आता तुमचं ॲप. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक यांसारख्या सेवा एकेका गायकाकडून थेट गाणं घेत नाहीत. स्पॉटिफायने २०१८ मध्ये तसा प्रयोग केला होता, पण पुढच्याच वर्षी तो गुंडाळला. मध्ये लागतो वितरक. शेतकरी जसा मार्केट यार्डात अडत्याकडे माल उतरवतो आणि पुढे कुणाला किती गेला याचा हिशेब अडत्या ठेवतो, तसंच हे काम आहे. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी ही त्यांतली जगभर माहीत असलेली नावं. सीडी बेबी १९९८ मध्ये डेरेक सिव्हर्स या संगीतकाराने सुरू केली. त्याला स्वतःची सीडी विकायची होती. दुकानं दाद देईनात म्हणून त्याने संकेतस्थळ उभं केलं, आणि मित्र म्हणू लागले की आमच्याही विक.

तुमच्या पुतण्याने अशाच एखाद्या वितरकाकडे गाण्याची मूळ, न दाबलेली फाइल दिली असणार. सोबत चौकोनी कव्हर, भाषा, गीतकार, संगीतकार, वादक यांची नावं. मग त्या ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक कोड मिळतो, त्याला आयएसआरसी म्हणतात. जगात कुठल्याही ॲपवर ते गाणं वाजलं की नोंद या कोडाच्या नावे होते. तुम्ही त्याला एवढंच विचारा, की ढोलकी वाजवणाऱ्या मित्राचं नाव भरलंस का, आणि सगळीकडे एकाच स्पेलिंगने भरलंस का? तरुण मुलं कव्हरवर आठ दिवस घालवतात आणि नावांचे रकाने दोन मिनिटांत उरकतात. पुढे पैसे अडकतात ते बहुतेक वेळा तिथेच.

वितरकाच्या फीच्या दोन तऱ्हा आहेत. सीडी बेबी एकदाच पैसे घेते आणि पुढच्या कमाईतून ९ टक्के कापते. डिस्ट्रोकिड वर्षाची वर्गणी घेते आणि कमाईला हात लावत नाही. पण वर्गणी थांबली की, वेगळे पैसे भरून ठेवले नसतील तर, गाणी ॲपवरून उतरू शकतात. हे त्याला माहीत असायला हवं. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवायलाही सांगा. मायस्पेस हे एके काळी नव्या बँडचं सर्वांत मोठं घर होतं. सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात तिथे चढवलेली गाणी गेली, हे २०१९ मध्ये उघड झालं. सुमारे पाच कोटी गाणी होती ती. कितीतरी जणांकडे दुसरी प्रत नव्हती. आपल्याकडे रेसो आणि विंक ही ॲप २०२४ मध्ये बंद झाली. ॲप येतात आणि जातात, गाणं आपल्या कपाटात असलं पाहिजे.

शुक्रवारचं म्हणाल, तर त्यामागे कुठला मुहूर्त नाही. पूर्वी प्रत्येक देशाचा वार वेगळा होता, ब्रिटनमध्ये सोमवार, अमेरिकेत मंगळवार, जर्मनीत शुक्रवार. इंटरनेटवर याचा घोटाळा व्हायचा. एका देशात आलेलं गाणं दुसऱ्या देशात यायच्या आधीच चोरून पसरायचं. म्हणून १० जुलै २०१५ पासून जगभरच्या कंपन्यांनी शुक्रवार ठरवला. स्पॉटिफायची ‘रिलीज रडार’ ही प्रत्येक श्रोत्यासाठीची वेगळी यादीही शुक्रवारीच ताजी होते. गाणं निदान सात दिवस आधी त्यांच्या संपादकांकडे सुचवून ठेवलं, तर ते त्या गायकाला फॉलो करणाऱ्यांच्या यादीत येतं. म्हणजे तुमचा पुतण्या दोन आठवडे थांबला ते अगदी योग्य केलं. योगायोग असा की मराठी घरांना नव्या गाण्याचा शुक्रवार फार आधीपासून ठाऊक आहे. पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तो १ एप्रिल १९५५ हा दिवस शुक्रवार होता. नवं गीत शुक्रवारी सकाळी लागायचं आणि शनिवार-रविवारी पुन्हा ऐकवलं जायचं.

राहिले पैसे. एकदा वाजलं की इतके पैसे, असा ठरलेला दर नसतो. महिन्याभरात वर्गण्या आणि जाहिरातींतून जे जमतं, त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग स्पॉटिफाय हक्कदारांना देते. एकूण वाजलेल्या गाण्यांत तुमच्या गाण्याचा जेवढा वाटा, तेवढा तुमचा हिस्सा. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुम्ही महिनाभर दुसरं काही न ऐकता फक्त पुतण्याचंच गाणं ऐकलं, तरी तुमची वर्गणी त्याच्याकडे जात नाही. ती मोठ्या राशीत पडते आणि त्या महिन्यात देशातल्या सगळ्या श्रोत्यांनी जे ऐकलं त्याप्रमाणे वाटली जाते. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये वेगळी पद्धत आणली, तिथे छोट्या कलाकारांसाठी ज्या श्रोत्याने ज्याला ऐकलं त्याचे पैसे त्याला जातात. मला तीच पद्धत न्याय्य वाटते.

२०२४ पासून स्पॉटिफायचा आणखी एक नियम आहे, बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे पैसे मिळत नाहीत. कंपनीचं म्हणणं, अशी चिल्लर रक्कम वितरकाकडेच पडून राहते, कलाकाराच्या हातात येतच नाही. हे खरं असेलही. पण त्या चिल्लरीची बेरीज आता आधीच कमावणाऱ्यांकडे जाते आणि हे मला मुळीच पटत नाही. आठशे वेळा वाजलेलं गाणं कुणीतरी आठशे वेळा ऐकलेलंच असतं.

हजाराचा आकडा गाठायला ‘दहा हजार प्ले मिळवून देतो’ म्हणणारे इन्स्टाग्रामवर गाठतील. त्यांना एक रुपयाही देऊ नये. बनावट प्ले पकडले गेले की गाणं उतरवलं जाऊ शकतं आणि स्पॉटिफाय वितरकाकडून दंडही घेते. वितरक तो गायकाकडून वसूल करू शकतो.

शेवटी, गाणं त्याने स्वतः लिहून चाल लावली असेल, तर त्याचे हक्क दोन आहेत, ध्वनिमुद्रणाचा आणि शब्द-स्वररचनेचा. पहिल्याचे पैसे वितरकाकडून येतात. दुसऱ्यासाठी आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था आहे, १९६९ मध्ये स्थापन झालेली. तिचं सभासदत्व त्याने घ्यावं. फॉर्म कंटाळवाणा आहे, तरी भरावा. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायम त्यांचाच राहील अशी तजवीज केली. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत आग्रहाने बोलले होते. तो हक्क वापरायला निदान यादीत नाव तरी हवं.

प्रश्न : मी रॅप करतो. एका म्युझिक कंपनीने माझी तीन गाणी मागितली आहेत. पंचवीस हजार देतो, कायमचे हक्क आम्हाला द्या, म्हणतात. मित्र म्हणतात, हो म्हण. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सही करायच्या आधी ‘कायमचे’ या एका शब्दापाशी थांब. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमात तुझ्या बाजूने बरंच काही आहे. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन कंपनीने वर्षभरात वापरलेच नाहीत, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास ते परत तुझ्याकडे येतात. शब्द आणि चाल तुझी असल्यामुळे रॉयल्टीतला समान वाटा तुझ्याकडून काढून घेता येत नाही. मुदत-प्रदेशाच्या या नियमांमुळेच असल्या करारांत ते दोन्ही आवर्जून लिहिलेले असतात, ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’. ते खोडून पाच किंवा सात वर्षं लिहायला सांग. नाही म्हणाले, तर तीनऐवजी एकच गाणं दे. आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस.

कंपनी म्हणजे शत्रू, असं मी म्हणत नाही. २०२४ मध्ये गाजलेलं ‘तांबडी चामडी’ हे क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं मराठी गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं. मराठी शब्दांवर जगभरचे डान्स फ्लोअर हलले त्यात त्या कंपनीच्या पोचेचा मोठा हात होता. प्रतीक कुहाड या गायकाने ‘कोल्ड/मेस’ हे गाणं २०१८ मध्ये स्वतंत्रपणे काढलं. २०१९ च्या अखेरीस ते बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आलं आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या इलेक्ट्रा कंपनीशी त्याचा करार झाला. आधी ऐकणारे जमवले, मग बोलणी केली. क्रम हाच असावा. शिकागोच्या चान्स द रॅपरने २०१६ चा ‘कलरिंग बुक’ हा अल्बम कंपनीशिवाय काढला, फक्त स्ट्रीमिंगवर, आणि पुढच्या वर्षी तीन ग्रॅमी घेतले. तिथेही दोन आठवड्यांच्या एकाधिकारासाठी ॲपलने त्याला पाच लाख डॉलर दिले होते, हे त्याने स्वतःच सांगितलं. त्याने दोन आठवडे विकले आणि अल्बम स्वतःकडे ठेवला. तुझ्याकडे मागताहेत ते कायमचं.

आणखी एक गोष्ट तपास. तुझ्या गाण्यांचे बीट कुठून आणलेस? इंटरनेटवरून भाड्याने घेतलेला बीट दुसऱ्या दहा जणांकडेही असतो, आणि त्याचे हक्क तुझ्याकडे नसतातच. जे तुझं नाही ते कंपनीला लिहून दिलंस तर उद्या अडचणीत तू येशील, ते नाही.

प्रश्न : मी हौशी गायिका आहे. जुनी भावगीतं आणि अभंग माझ्या आवाजात गाऊन असेच ॲपवर टाकता येतील का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : अभंगाचे शब्द मोकळे आहेत, चाल मोकळी असेलच असं नाही. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतो. तुकोबांचे शब्द कुणीही गावेत. पण श्रीनिवास खळ्यांनी ‘अभंग तुकयाचे’साठी बांधलेल्या चालीवर हक्क आहे. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे तो २०७१ संपेपर्यंत राहील. भावगीताचे तर शब्दही हक्काखाली असतात. कायद्याच्या ३१ क कलमाप्रमाणे मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी, आगाऊ नोटीस आणि रॉयल्टी देऊन आणि रचनेत फेरफार न करता, नवी आवृत्ती काढता येते. पण निदान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी धरून पैसे भरावे लागतात, हौशी गायिकेला ते झेपणारं नाही. तुम्हाला माझं सांगणं असं, की एखादा कमी गायला गेलेला अभंग निवडा, पारंपरिक वारकरी चालीत गा, किंवा गावातल्या एखाद्या तरुण संगीतकाराकडून नवी चाल करून घ्या. जनाबाईंचे, सोयराबाईंचे कितीतरी अभंग नव्या चालीची वाट पाहताहेत.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. नवं ऐकायची इच्छा आहे, पण ॲप उघडलं की तीच ती चार गाणी पुढे येतात. कंपन्यांबाहेरच्या मुलांचं चांगलं संगीत शोधायचं कसं?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सर, या सदरात आलेल्या सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

ल्युमिनेट ही संस्था जगभरच्या संगीताची मोजणी करते. तिच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये दररोज सरासरी एक लाखाहून अधिक नवे ट्रॅक या सेवांवर चढत होते. त्या वर्षी एकूण १८.४ कोटी ट्रॅक मोजले गेले आणि त्यांतले ४.५६ कोटी वर्षभरात एकदाही वाजले नाहीत. एकदाही नाही, करणाऱ्याने स्वतःदेखील लावले नाहीत. त्यात भर यंत्राने बनवलेल्या गाण्यांची. डीझर या फ्रेंच सेवेने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं, की तिच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांतली १८ टक्के गाणी संपूर्णपणे एआयने तयार केलेली असतात. पूर्वी गाणं बाहेर यायला परवानगी लागे. आता बाहेर यायला लागत नाही, पण बाहेर आल्यावर ऐकणारं कुणी भेटेलच असं नाही. ॲपचं गणित आधी वाजलेलंच पुन्हा पुढे करतं. ज्याला अजून कुणी ऐकलं नाही, त्याच्यासाठी गणिताकडे काहीच आधार नसतो. तिथे माणूसच लागतो.

बीबीसीने यावर एक चांगला मार्ग काढला. २००७ मध्ये ‘बीबीसी इंट्रोड्यूसिंग’ सुरू झालं. ब्रिटनमधल्या कुठल्याही करार नसलेल्या गायकाने आपलं गाणं तिथे चढवावं, त्याच्या भागातल्या स्थानिक केंद्रावरची माणसं ते ऐकणार, आवडलं तर आपल्या कार्यक्रमात वाजवणार, त्यातलं निवडक राष्ट्रीय रेडिओवर आणि ग्लास्टनबरी महोत्सवाच्या मंचावर जाणार. जेक बग, जॉर्ज एझ्रा हे गायक याच वाटेने आले. आपल्याकडे रत्नागिरी, सांगली, कोल्हापूर, जळगाव अशी आकाशवाणीची केंद्रं आहेत. प्रत्येकाने आठवड्यातून अर्धा तास जिल्ह्यातल्या मुलांनी घरी केलेल्या गाण्यांना द्यावा, अशी माझी फार मनापासूनची इच्छा आहे. तुम्ही शिक्षक आहात, केंद्राला पत्र लिहा. मीही लिहीन.

तोवर तुमच्या हातात असलेल्या काही गोष्टी. आवडलेल्या गाण्याचे श्रेय-रकाने उघडून पाहा. संगीत कुणी केलं, मिक्सिंग कुणी केलं, त्या नावावर बोट ठेवलं की त्याच माणसाने केलेली दुसऱ्यांची गाणी दिसतात. हा छंद मोठा गोड आहे. स्वदेसी या मुंबईच्या रॅप मंडळीचं २०१९ चं ‘वारली रिव्होल्ट’ ऐका. त्यात आरेच्या जंगलासाठी लढणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर आहेत. अमरावतीच्या १००आरबीएच या रॅपरच्या गाण्यांतली वऱ्हाडी कानाला लागली की शब्दांकडे लक्ष द्या. तुमच्यासारख्या मराठीच्या माणसाला त्या बोलीत पुष्कळ सापडेल. पुण्या-मुंबईत गेलात तर अशा बँडचे छोटे कार्यक्रम प्रत्यक्ष ऐका. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेला एनएच७ वीकेंडर हा महोत्सव अशाच संगीताच्या बळावर उभा राहिला.

ऐकताना निदान तीस सेकंद थांबा, त्याआधी पुढे ढकललेलं गाणं स्पॉटिफाय मोजतच नाही. आवडलं तर फॉलो करा आणि गाणं आपल्या यादीत ठेवा. दहा मित्रांना नुसती लिंक पाठवण्यापेक्षा एकाला फोन करून का ऐकावं ते सांगितलंत, तर तो नक्की ऐकेल.

आणि जमेल तेव्हा विकत घ्या. बँडकॅम्प या २००८ मध्ये सुरू झालेल्या ठिकाणी कलाकार स्वतःचं दुकान मांडतो. डिजिटल विक्रीतले १५ टक्के बँडकॅम्प घेते आणि पैसे पोचवण्याचा खर्च वजा जाता बाकीचे कलाकाराला मिळतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने कार्यक्रम बुडाले, तेव्हा त्यांनी २० तारखेच्या शुक्रवारी आपला वाटा सोडून दिला. नंतरही असे शुक्रवार अधूनमधून जाहीर होत आले आहेत. मधल्या काळात ही कंपनी दोनदा विकली गेली आणि २०२३ मध्ये तिथले निम्मे कर्मचारी घरी गेले, याचं मला वाईट वाटतं. पण दुकान चालू आहे. तिथे गावाच्या नावानेही शोधता येतं. आधी पुणे, मुंबई, गोवा टाकून पाहा, मग आपला जिल्हा. अल्बम उघडला की खाली तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. एखाद्या अल्बमखाली एकही चित्र नसेल तर तो आधी ऐका.